इंजेक्शनने थांबतो, पंधरा दिवसांनी परत उठतो: घोड्याच्या वारंवारच्या पोटशूळाचं काय करायचं

तक्रार साधारण सारखीच असते. संध्याकाळी घोडा अस्वस्थ होतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे बघतो, बसतो-उठतो, लोळतो. जवळचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात, तासाभरात घोडा शांत होतो, सकाळी लीद पडते आणि सगळे कामाला लागतात. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मालक फोनवर विचारतो, "डॉक्टर, याच्या पोटात आहे तरी काय?"

बहुतेक वेळा पोटात काही नसतं. जे असतं ते त्याच्या चोवीस तासांत असतं. काय खातो, कधी खातो, कशावरून खातो, पाणी किती वाजता मिळतं, किती वेळ ठाणबंद असतो, हे बघावं लागतं. इंजेक्शनने कळ थांबते आणि कळ थांबली की चौकशीही थांबते. म्हणून दुखणं परत येतं.

पण कारण शोधण्याआधी एक गोष्ट. पुढचं सगळं दोन शूळांच्या मधल्या काळासाठी आहे. घोडा आत्ता लोळत असेल तर वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. जवळ कोणी नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन लावा. तोवर पुढची वैरण काढून घ्या आणि नाडी मोजा. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं की पेन्सिलीएवढी जाड, निसटती दोरी लागते, ती धमनी. बोटाच्या पेराने ती हाडावर हलकेच दाबायची, पंधरा सेकंदांचे ठोके मोजायचे, चारने गुणायचं. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. शूळात ती साठच्या पुढे जाऊन तिथेच राहिली, हिरड्या गुलाबीच्या विटकरी किंवा जांभळट झाल्या, हिरडीवर अंगठा दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले, तर आतडं पिळवटलेलं असू शकतं. तिथे घरगुती उपाय म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. इंजेक्शन देऊनही तासा-दोन तासांत कळ परत आली तर तीही तितकीच गंभीर खूण समजा.

तोवर हळूहळू दहा-पंधरा मिनिटं चालवलंत तर चालेल. रात्रभर चालवून त्याला दमवू नका. गुपचूप पडून असेल तर पडू द्या.

आणि नळकांडं नको. बांबूच्या नळीने किंवा बाटलीने गोडतेल, एरंडेल, हिंगाचं पाणी, काही ठिकाणी चक्क देशी दारू पाजायची पद्धत अजून आहे. घोड्याचं तोंड वर करून ओतलेलं तेल अन्ननलिकेतच जाईल याची खात्री नसते. फुफ्फुसात गेलं तर शूळ बरा होऊनही घोडा न्यूमोनियाने दगावतो. लिक्विड पॅराफिन या सारक तेलाला तर चव नसते, वास नसतो, श्वासनलिकेत उतरलं तरी घोडा नीट खोकतही नाही. डॉक्टर ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात, आणि त्याआधी जठरात तुंबलेलं पाणी, वायू त्याच नळीने बाहेर काढतात. हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की आतला दाब वाढला तर जठर फुटतं, पण वर काही येत नाही.

अजून एक. घोड्याला अलीकडे कुत्रा चावला असेल, किंवा शुळासोबत वागणं विचित्र झालं असेल, म्हणजे स्वतःलाच चावतोय, गिळता येत नाही, मागचा भाग लुळा पडतोय, तर तोंडात हात घालू नका. घोड्यात रेबीज कधी कधी पोटशूळाच्या रूपानेच सुरू होतो.

आता मूळ विषय. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान असतं, आठ ते पंधरा लिटरचं. खरं पचन मागे होतं, मोठ्या आतड्यात, जिथे सूक्ष्मजंतू वैरण कुजवून त्यातून ताकद काढतात. हे मोठं आतडं तीन-चार मीटर लांब असून स्वतःवरच दुमडून बसवलेलं असतं, आणि डाव्या बाजूला एका वळणावर एकदम अरुंद होतं. सुकी, नीट न चावलेली वैरण तुंबते ती बहुधा याच वळणावर. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो. आपण त्याला दिवसातून दोनदा जेवायला घालतो आणि मग पोट का दुखतं म्हणून विचारतो.

माथेरानच्या एका घोड्याचं उदाहरण सांगतो. दर रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे शूळ. मालकाची पक्की समजूत की गर्दीत कोणाची तरी नजर लागते. घोडेवाला कष्टाळू, घोड्यावर जीव असलेला, रोज खरारा करणारा, खोगिराखालची पाठ एकदम स्वच्छ. शनिवार-रविवार सकाळी घोडा दस्तुरी नाक्यावर उभा राहायचा आणि अंधार पडेपर्यंत पर्यटकांना घेऊन वर-खाली करायचा. मध्ये तोबऱ्यात कोरडे चणे आणि कोणीतरी दिलेली बिस्किटं. पाणी नाहीच, कारण "तापलेल्या घोड्याला पाणी दिलं की शूळ उठतो." संध्याकाळी घरी आला की दिवसभराची भरपाई म्हणून तोबरा काठोकाठ, चणे आणि भरडा, आणि त्यावर लांब कडबा. उपाशी घोडा अधाशासारखा खातो, धड चावत नाही. धान्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, तसाच मागे जातो, तिथे एकदम आंबतो, वायू होतो. अंगातून दिवसभर घामावाटे पाणी गेलेलं असतं, त्यामुळे आतड्यातला मालही कोरडा. सोमवारी पहाटे काय होणार ते रविवारी सकाळीच ठरलेलं असायचं.

औषध काही दिलं नाही. नाक्यावर जाळीच्या पिशवीत डोंगरी गवत टांगायला सांगितलं, दोन फेऱ्यांच्या मध्ये चार घास खायला. एक बादली जवळ ठेवायला सांगितली. संध्याकाळी आधी पाणी, मग गवत, आणि तासाभराने धान्य, तेही निम्मं. उरलेलं निम्मं झोपायच्या आधी. रविवारचे शूळ थांबले. पावसाळा संपल्यावर एकदा परत झाला, तेव्हा तोंड उघडून बघितलं. त्याबद्दल पुढे.

तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये हा समज सगळीकडे आहे आणि त्याने शूळ टळत नाहीत, उलट होतात. काम संपल्यावर घोड्याला खरी तहान असते. अंग थंड होईपर्यंत थांबलात तर ती मरते आणि मग तो हवं तेवढं पीत नाही. धाप उतरली की साधं पाणी पिऊ द्या. साडेतीनशे किलोचा घोडा विश्रांतीत असतानाही दिवसाला वीसेक लिटर पितो. उन्हात कामावर असेल तर याच्या दुप्पट किंवा जास्त. "पाणी भरपूर पितो" हे उत्तर मला कधीच पुरत नाही. हौदातून पिणाऱ्या घोड्याने किती प्यायलं हे कोणालाच ठाऊक नसतं. आठवडाभर बादलीने पाजा आणि बादल्या मोजा. थंडीत गार पाणी घोडे टाळतात, तेव्हा कोमट करून द्या आणि धान्यात रोज दोन मोठे चमचे साधं मीठ घाला. डिसेंबर-जानेवारीत लीद सुकून होणारे कितीतरी शूळ एवढ्यावर थांबतात.

वैरणीचा हिशोब वजनावर करायचा. वजनकाटा नसेल तर शिंपी टेप घ्या. खांद्यामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत. घेर १५५ आणि लांबी १५० असेल तर साधारण ३०३ किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज पोटात जायला हवी, म्हणजे या घोड्याला साडेचार ते सहा किलो. धान्य एका वेळेला अर्ध्या टक्क्याच्या वर नको, म्हणजे दीड किलोच्या आत. लग्नाच्या घोड्यांना सिझनमध्ये चार-चार किलो चणे एका तोबऱ्यात दिलेले मी बघतो. चमक यावी म्हणून देतात. चमक येते, आणि शूळही.

कडब्याबद्दल लोक मला विचारतात की वाईट का. वाईट नाही, पण एकट्या कडब्यावर घोडा ठेवू नका. जाड ताटं, त्यात पाणी कमी आणि दात बिघडलेले, हा शूळाचा सरळ रस्ता आहे. कुट्टी करून, ओली करून, गवतासोबत द्या. कोवळी हिरवी ज्वारी मात्र अजिबात नको. लसूणघास चांगली, पण तीच मुख्य वैरण केली तर काही घोड्यांच्या आतड्यात खडे बनतात. गव्हाचा कोंडा हा घोडेवाल्यांचा लाडका, त्याने पोट साफ राहतं असं म्हणतात. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. रोज मोठ्या मापाने खाल्ला तर हाडं पोकळ होऊन तोंड सुजतं. मूठभर ठीक.

गाईची किंवा कोंबड्यांची तयार कांडी घोड्याला देऊ नका. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांना जो डोस सहज चालतो तो घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतो. घाम, बेचैनी, बसणं-उठणं, हे सगळं शूळासारखंच दिसतं आणि घोडा हातचा जातो.

बदल सावकाश करायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण घोडा विकत घेताना हमखास विसरतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा, टेम्पोत घालून रात्रभर प्रवास, वाटेत पाणी नाही, घरी आल्यावर औक्षण, गुळाची पोळी आणि नवी कोरी वैरण. वैरण बदलल्यानंतरचे दोन आठवडे शूळाचा धोका जास्त असतो, आणि तेव्हाच नवा मालक सांगतो की विकणाऱ्याने रोगट घोडा गळ्यात मारला. कधी मारलेला असतोही. पण घोड्यासोबत निदान आठ-दहा दिवसांची त्याची जुनी वैरण मागून आणा, तिला पैसे मोजा, आणि रोज थोडी थोडी नवी मिसळत जा.

आता दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळण्याने झिजतात. धान्य जास्त आणि गवत कमी असेल तर जबडा बाजूला पुरता फिरत नाही. मग वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला धार चढते. ती गालाला, जिभेला कापते. घोडा चावणं टाळतो. माथेरानच्या त्या घोड्याच्या गव्हाणीखाली गवताचे अर्धवट चघळलेले ओले बोळे पडलेले होते, चुरगाळलेल्या काथ्यासारखे. मालक ते रोज झाडून टाकत होता. तोंड उघडून टॉर्च मारला तर गालाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे जखमा. लीद हातात घेऊन फोडलीत तर अशा घोड्याच्या लिदीत बोटाच्या पेराएवढे लांब धागे आणि अख्खे चणे सापडतात. वर्षातून एकदा दात तपासून कानशीने घासून घ्या. भूल देऊन, तोंडाला चौकट लावून नीट करता येतं. चार जणांनी कान पिळून धरायची गरज नाही.

माती हे पुढचं कारण. जमिनीवर टाकलेली वैरण खाणारा घोडा तिच्यासोबत वाळूही खातो. नदीकाठची ठाणी, माथेरान-महाबळेश्वरची लाल माती, उन्हाळ्यात मुळापर्यंत ओरबाडलेली कुरणं, सगळीकडे हेच. तपासणी घरी होते. ताज्या लिदीचे वरवरचे, जमिनीला न टेकलेले पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला तर कारण सापडलं. नाही बसला तरी वाळू नाहीच असं समजू नका, कधी ती आतच साचून राहते. उपाय म्हणजे गव्हाण किंवा रबरी चटई, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने इसबगोल. इसबगोल पाण्यात भिजवून ठेवलंत तर जेली होईल आणि घोडा तोंड लावणार नाही. थोडं तेल लावलेल्या भरड्यात कोरडंच मिसळा.

जंतांबाबत दोन टोकं दिसतात. एक तर वर्षानुवर्षं औषधच नाही, नाहीतर दर दोन महिन्यांनी तीच पेस्ट, घोड्याच्या वजनाचा अंदाज न घेता. कमी डोस वारंवार दिला की औषधाला न जुमानणारे जंत उरतात. लीद तपासून अंड्यांची संख्या काढून घ्या, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते होतं, आणि औषध वजनावर द्या. फीतकृमी मात्र या तपासणीत बऱ्याचदा सापडत नाही आणि आयव्हरमेक्टिन या नेहमीच्या जंतनाशकाने मरतही नाही. तो लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी चिकटून बसतो आणि वारंवार मुरडा आणतो. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. चार-सहा महिन्यांच्या पोटाळलेल्या शिंगराला पहिल्यांदाच जोरदार जंतनाशक देऊ नका. मेलेल्या मोठ्या जंतांचाच बोळा होऊन आतडं बंद पडतं. आधी डॉक्टरांना विचारा.

गोचिडांचं औषध हे कारण कोणाच्या डोक्यात येत नाही. गाई-म्हशींवर फवारायचं अमिट्राझ गोठ्यात असतंच, उरलेलं घोड्यावर मारलं जातं. अमिट्राझने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते आणि लीद तुंबते. "गेल्या आठवड्यात अंगावर काही फवारलंत का?" हा प्रश्न मी हटकून विचारतो, आणि उत्तर हो असलं तरी समोरच्याला तो शूळाशी जोडता येत नाही.

आणि मग वेदनाशामक. लंगडणाऱ्या घोड्याला कामावर ठेवायला रोज गोळ्या किंवा इंजेक्शन देणारे बरेच आहेत. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलोक्सिकॅम, नाव कुठलंही असो, फार दिवस दिलं की जठरात आणि मोठ्या आतड्यात व्रण पडतात आणि त्या व्रणांनी पोट दुखतं. मग त्या पोटदुखीला पुन्हा तेच इंजेक्शन. डायक्लोफेनॅक तर २००६ पासून जनावरांसाठी बंदच आहे, गिधाडं मरतात म्हणून. तरी जुन्या बाटल्या तबेल्याच्या फळीवर दिसतात. शूळ उठला की मालकाने स्वतःच फ्लुनिक्सिन टोचायचं आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी बोलवायचा, हा प्रकार सगळ्यात घातक. कळ दबते, आतडं आत काळं पडत राहतं, आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. स्नायूत टोचलं तर मांस सडण्याचाही धोका असतो.

उपाशीपोटी काम हे व्रणांचं दुसरं कारण. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरतं, समोर वैरण असो वा नसो. पळताना ते वरच्या भागाला लागतं, जिथे संरक्षक अस्तर नसतं. खोगीर आवळताना दात खाणारा, धान्य खाऊन अर्ध्या तासात कुशीकडे बघणारा, अंगावर मांस न धरणारा घोडा असेल तर आधी व्रणांचा विचार करा. स्वारीच्या अर्धा तास आधी ओंजळभर नव्हे, एक-दोन किलो गवत पोटात जाऊ द्या.

एवढं सगळं एकाच घोड्यात तपासायचं तर सुरुवात कुठून करायची? वहीपासून. शूळाची तारीख आणि वेळ, आदल्या दोन दिवसांचं खाणं, किती बादल्या पाणी, काम, हवामान, कुठलं औषध किंवा फवारणी, लीद किती वेळा आणि कशी. तीन-चार शूळांची नोंद झाली की बऱ्याचदा मलाही काही सांगावं लागत नाही, मोतद्दारच बोट ठेवून दाखवतो. दावणीवर घोड्यासोबत जो असतो त्याच्याच हातात वही द्या, मालकाच्या नको. घोडा बरा असताना त्याच्या पोटाला कान लावायची सवय करा. उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागे, वरच्या खळग्यात मिनिटाला एक-दोनदा लांबून गडगडत आल्यासारखा आवाज येतो. तो ओळखीचा झाला की तो बंद पडलेलाही कळतो.

लाकडात दात रोवून हवा ओढायची सवय असलेला घोडा वेगळा. त्याचं लहान आतडं यकृताजवळच्या फटीत अडकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गळपट्ट्याने सवय दबते, मोडत नाही. त्याला मोकळं सोडा, सतत गवत समोर ठेवा, दुसऱ्या घोड्याच्या नजरेसमोर बांधा.

वैरण, पाणी, दात, माती, जंत, औषधं सगळं नीट केलं आणि तरी दोन महिन्यांत शूळ परत आला, तर पुढची तपासणी गोठ्यात होत नाही. गुदमार्गातून हात घालून आतडं चाचपणं, पोटाची सोनोग्राफी, पोटातल्या पाण्याचा नमुना, जठरात दुर्बीण. आतड्यातले खडे, जुन्या दाहाने एकमेकांना चिकटलेली आतडी, गाठी, हे तिथेच कळतं. खडा असेल तर शस्त्रक्रियेशिवाय मार्ग नाही आणि तिची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा नसते. अशा घोड्याच्या मालकाने पोट उघडायचं की नाही आणि खर्च कुठपर्यंत झेपेल हे शूळ नसतानाच घरात बसून ठरवावं. फळी लावून घोडा चढवता येईल असा टेम्पो आणि रात्री उठणारा चालक, दोघांचे नंबर तबेल्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.